घंटेनंतरचं बॉक्सिंग

त्या क्लबात नव्या पोराला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट शिकवली जायची ती ही, की डावा हात खाली ठेवायचा. बॉक्सिंगच्या उरलेल्या जगात याच्या नेमकं उलट शिकवतात. दोन्ही मुठी गालाला, हनुवटी छातीला, तोंड झाकलेलं. तोंड झाकावं हे कळायला खरं तर बॉक्सिंग शिकावंही लागत नाही. कुणी अंगावर धावून आलं तर दोन वर्षांचं लेकरूसुद्धा हात वर घेतं. पण या क्लबात सर होते, आणि सरांच्या डोक्यात मुका होता.

मुका म्हणजे एके काळचा जगज्जेता. तो खराखुरा मुका नव्हता. पण जिंकल्यावर कुणी माइक पुढे केला की मान हलवून निघून जायचा, कधी कुणाला मुलाखत दिली नाही, म्हणून लोकांनी नाव पाडलं मुका. मेलाही तसाच, अवाक्षर न बोलता. आता असा माणूस गेला की काय होतं? तो बोलला नाही म्हणून बाकीचे सगळे त्याच्या वतीने बोलत सुटतात. त्यात आपले सर सगळ्यांच्या पुढे.

क्लब टायरच्या गोदामावर होता. जिन्यापासूनच रबराचा वास नाकात शिरायचा तो घरी जाऊन आंघोळ करेपर्यंत निघायचा नाही. रिंगच्या मागच्या भिंतीवर सरांनी पांढऱ्या रंगाचा चौकोन काढून घेतला होता, आणि दर शनिवारी दुपारी पोरं पोत्यांवर बसवून ते त्या चौकोनात मुक्याच्या लढती दाखवायचे. हातात छडी. छडी मारण्यासाठी नव्हती, मुक्याच्या मुठी दाखवण्यासाठी होती. सुरुवात ठरलेल्या लढतीने व्हायची. त्यात मुका आणि समोरचा आडदांड गडी एकमेकांना भिडतात, धडपडतात, आणि दोघं मिळून दोरांवर कोसळतात. मुक्याचा डावा हात दोरांच्या मध्ये अडकतो आणि आडदांड त्याच्यावर. रेफरी दोघांना सोडवतो. मुका उठतो तो डावा हात कमरेशी घेऊनच. आधी चार खातो, मग मागे झुकतो, समोरच्याचा ठोसा हवेत जातो आणि मुक्याचा उजवा त्याला आडवा करतो.

"थांबवा!" सर ओरडायचे. छडी मुक्याच्या कमरेपाशी टेकलेली असायची. "बघा. इथे त्याला सुचलं. भर लढतीत सुचलं! तोंड उघडं ठेवायचं, आमिष दाखवायचं. समोरचा आमिषाला भुलला की मेला."

मग घंटा वाजायची आणि सर प्रोजेक्टर बंद करायचे.

यावर विश्वास ठेवून ज्या पोरी वाढल्या त्यांत थोरली होती. घरात दोन मुली, एक थोरली आणि एक धाकटी, आणि क्लबातही दोघींना हीच नावं चिकटलेली. थोरलीने सात वर्षं डावा हात कमरेशी ठेवला. आमिष म्हणून तोंड पुढे केलं आणि समोरच्या पोरी ते आमिष आवडीने खाऊन गेल्या. हरली की सर म्हणायचे, "तुझा धीर कमी पडतो. मुका पुन्हा बघ." ती बिचारी पुन्हा बघायची. शेवटच्या लढतीत एका पोरीचा उजवा ठोसा डाव्या डोळ्यावर असा बसला, की डोळ्याच्या कडेला काळा पडदा सरकला तो सरकलाच. डॉक्टरांनी आतला पडदा जोडून दिला आणि हात जोडून सांगितलं, बाई, आता पुरे. तेव्हापासून ती पार्सलच्या गोदामात काम करायची, पत्ते वाचताना मान किंचित डावीकडे वळवायची, आणि संध्याकाळी क्लबात जाऊन धाकटीची बाटली नि टॉवेल सांभाळायची. राग नव्हता. आपलाच धीर कमी पडला असं तिला मनापासून वाटायचं, हे तर आणखीनच संतापजनक.

हे सगळं उलटंपालटं झालं ते एका सकाळी, आईला स्वेटर घालताना.

आईचा खांदा जखडला होता. जिन्यात पाय घसरला, कठडा धरायला गेली, खांदा पिळवटला. तेव्हापासून उजवा हात छातीच्या वर जाईना. बटणं-दोऱ्यांच्या दुकानावर जायच्या आधी तिला कपडे चढवायचे हे थोरलीचं काम. धाकटी आंघोळीला गेली होती आणि तिचा फोन साखरेच्या डब्याला टेकून चालूच होता. सरांनी दिलेला अभ्यास. फोनवर मुका लढत होता. घंटा झाली, लढत संपली, पण बंद करायला कुणाचे हात मोकळे नव्हते.

"आधी दुखरा, आधी दुखरा!" आई कळवळली. "रोज सांगायचं का गं? धड हात आधी घातलास की हा मागे वळवावा लागतो, मग मला दिवसा तारे दिसतात."

"चुकले. थांब. हां, आता सोड सैल."

दुखऱ्या हाताची बाही खांद्यापर्यंत चढली तशी आईने श्वास सोडला आणि तिची नजर डब्याकडे गेली. बॉक्सिंग म्हटलं की एरवी ती नाक मुरडायची.

"हा कोण? याच्याही खांद्याचं काहीतरी दिसतंय."

"कुणाच्या?"

"हा काय, ज्याला झगा घालतायत तो. बघ ना, कसा त्याचा हात धरून आधी बाही चढवली. मान कशी तिरकी केलीय बघ, मी करते तश्शी."

थोरलीने आईला एका बाहीवर सोडून फोन उचलला.

"अगं, दुसरी बाही काय शेजारची येऊन घालणार आहे का?" आई ओरडत राहिली. थोरलीला ऐकू येत नव्हतं. तिने तो तुकडा मागे नेला, पुन्हा लावला, पुन्हा मागे नेला. मुक्याच्या कोपऱ्यातला म्हातारा मदतनीस झगा घेऊन येतो. मुका नुसता उभा राहतो. म्हातारा त्याचं डावं मनगट हळूच धरतो, बाही चढवतो, खांद्यावरून कापड फिरवतो आणि मग उजवा हात मुका स्वतःच खुपसतो. ज्याने रोज सकाळी एखाद्याला स्वेटर घातलाय त्याला हे सांगावं लागत नाही.

पुढे बरेच दिवस ती गोदामात जेवणाच्या सुट्टीत पार्सलांच्या आडोशाला बसून मुका बघत होती. पण आता घंटेनंतरचा. आणि दोरांवर कोसळण्याच्या आधीचा, जो सर कधीच दाखवत नसत. त्या जुन्या, करड्या, खरखरत्या लढतींमध्ये मुका दोन्ही मुठी गालाला लावून उभा होता, अगदी पहिल्या दिवशीच्या शहाण्या पोरासारखा. डावा ठोसा समोरच्याच्या नाकावर असा जायचा की बघत राहावं. जिंकल्यावर झगा स्वतःच भिरकावून अंगावर घ्यायचा. दोरांवरच्या लढतीनंतर डावा ठोसा एकदाही कुणाच्या छातीच्या वर गेला नव्हता. जिंकल्यावर रेफरी त्याचा उजवाच हात उंचवायचा. एकदा एका नवख्या रेफरीने डावा धरला, तर मुक्याने तो हिसकावून घेतला. त्या क्षणी त्याचा चेहरा आईच्या चेहऱ्यासारखा झाला होता.

म्हणजे त्याला काही सुचलंबिचलं नव्हतं. त्याचा खांदा निखळला होता! हात वर जात नव्हता म्हणून खाली होता. आणि तो जिंकत गेला कारण त्याचे पाय नि डोळे लाखात एक होते, खांदा धड नसतानाही. त्याने दुखणं लपवलं, समोरच्याला कळू दिलं नाही, हे त्याचं शहाणपण. आणि इथे टायरच्या गोदामावर एक माणूस छडी घेऊन धडधाकट पोरांना त्याचं दुखणं शिकवत होता. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सात वर्षं! सात वर्षं ती एका माणसाच्या मोडक्या खांद्याची नक्कल करत मार खात होती, आणि वर धीर कमी पडतो म्हणून स्वतःलाच बोल लावत होती.

स्वतःचं एक वेळ तिने सोडलंही असतं. पण धाकटीची पहिली लढत तोंडावर आली होती आणि ती पोर आरशासमोर डावा हात कमरेशी ठेवून, हनुवटी पुढे काढून, झुकायचा सराव करत होती.

थोरली सरांकडे गेली. त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहिली, कारण सरांशी बोलायचं तर उजवीकडूनच बोलावं लागायचं. डावा कान त्यांच्या तरुणपणीच्या लढतींमध्ये गेला होता. चुरगळून बटाट्यासारखा झालेला तो कान ते पोरांना कौतुकाने दाखवायचे.

"सर, एक दाखवायचंय. मिनिटभर."

तिने फोन पुढे धरला. सरांनी पाहिलं, घंटा ऐकली आणि फोन हाताने बाजूला सारला.

"घंटेनंतरचं मी बघत नाही. घंटा झाली की बॉक्सिंग संपलं."

"सर, त्याचा खांदा बघा नुसता. झगा कसा घालतात बघा."

"आता तू मला झगे दाखवणार? पोरी, मी त्याला तुझ्या जन्माआधीपासून बघतोय."

"बघताय, पण घंटेपर्यंतच."

क्लबात कुणी सरांशी असं बोलत नसे. दोरीच्या उड्या मारणाऱ्या पोरांच्या दोऱ्या थांबल्या.

"हात खाली ठेवून जिंकला की नाही तो?" सरांचा आवाज चढला. "हो की नाही, एवढंच सांग."

"जिंकला. पण हात खाली होता म्हणून नाही. दोरांवर कोसळण्याआधी त्याचा डावा गालालाच असायचा. सर, तो दुखावलेला होता हो! आपण काय त्याचं दुखणं शिकायचं?"

सरांनी तिच्या डोळ्याकडे पाहिलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "डोळा गेल्यापासून तुला जिकडेतिकडे दुखणीच दिसतात."

 थोरली त्यांच्याकडे पाहत राहिली आणि पहिल्यांदाच तिला तो कान नीट दिसला. डावा कान. डावा हात खाली ठेवणाऱ्याचा डावाच कान जाणार, दुसरा कुठला? या माणसानेही तरुणपणी तोंड पुढे करून मार खाल्ला होता, आणि तो कान म्हणजे मुक्याचा प्रसाद मानून इतकी वर्षं मिरवला होता. झगा खरा मानला तर कान फुकट गेला. क्षणभर तिला त्यांची कीव आली. मग पार्सलांवरचे धूसर पत्ते आठवले आणि कीव जिथून आली तिथे परत गेली. फुकट गेलेल्या एका कानाची लाज राखायला आणखी किती पोरींचे डोळे लागणार होते?

धाकटीने तर तिला उभंच केलं नाही.

"सर म्हणाले होतेच, तू असं काहीतरी काढशील."

"तू बघ तरी एकदा. आईला विचार हवं तर."

"आईला? आता आई मला बॉक्सिंग शिकवणार? ताई, खरं सांगू? तुला बघवत नाही. तुझं संपलं म्हणून माझं सुरू व्हायला नको."

हे थोरलीच्या मनाला फार लागलं. टॉवेल धुवायला टाकला, वाळवला, घडी घातली आणि लढतीच्या दिवशी तोच टॉवेल खांद्यावर टाकून धाकटीच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

लढत एका शाळेच्या सभागृहात होती. लोखंडी खुर्च्या, भिंतीवर जुने ढाल-चषक, आणि मधोमध उसनं आणलेलं रिंग. समोरची पोर आखूड केसांची, गोल चेहऱ्याची, काही विशेष नव्हे. तिला एकच काम येत होतं. दोन्ही मुठी गालाला ठेवायच्या आणि संधी मिळाली की उजवा हाणायचा. धाकटी डावा हात कमरेशी घेऊन मोठ्या ऐटीत पुढे गेली. पहिला उजवा तिच्या डाव्या गालावर बसला. दुसरा भुवईवर. डोक्याला हेडगार्ड होतं, पण डोळ्यासमोर काय असणार? तिसऱ्याला धाकटी झुकली, तोवर तो बसून गेला होता. मुका झुकायचा तेव्हा वेळेवर झुकायचा, हा एवढासा फरक. प्रत्येक ठोशाचा आवाज थोरलीला आपल्याच डोळ्यात ऐकू येत होता.

घंटा झाली. धाकटी स्टुलावर येऊन बसली. डाव्या डोळ्याखाली लाल टेंगूळ वर येत होतं. सर खाली वाकले.

"छान चाललंय! धीर धर. ती आमिषाला लागलीय. आता ती फसणार."

थोरली पाण्याची बाटली ठेवून उठली आणि वळसा घालून सरांच्या उजव्या बाजूला आली.

"सर, आता हिचा हात गालाखाली दिसला की मी टॉवेल आत टाकणार."

टॉवेल आत पडला की लढत संपली. हरलात.

"वेड लागलंय का तुला?"

"हो."

"ताई!" धाकटी दातांवरचं रबर थुंकत किंचाळली. "टाकून तर बघ! जन्मात बोलणार नाही तुझ्याशी."

"नको बोलूस. डोळे शाबूत ठेव, आणि खुशाल नको बोलूस."

सरांनी टॉवेलला हात घातला. थोरलीने तो मनगटाला दोन वेढे देऊन असा आवळला की त्यांना सोडून द्यावा लागला. रेफरी कोपऱ्याकडे बघायला लागला होता. घंटा झाली.

धाकटी उठली ती रागाने थरथरत. डावा हात वर, गालाला. शिकलेला नव्हता म्हणून कसाबसा, लाकडासारखा. निम्मं लक्ष समोरच्या पोरीकडे आणि निम्मं टॉवेलकडे. आखूड केसांच्या पोरीने सवयीने उजवा हाणला. तो धाकटीच्या ग्लव्हवर बसला. पुन्हा हाणला, पुन्हा ग्लव्ह. ती पोर जरा गोंधळली. आणि मग धाकटीचा डावा, जो आजवर कमरेवरून निघून कुणाच्या पोटापलीकडे गेला नव्हता, गालापासून सरळ सुटला आणि त्या पोरीच्या नाकावर जाऊन बसला. धाकटी स्वतःच दचकली. हे इतकं जवळ होतं? तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा लागला. तिसऱ्या राउंडला तिने टॉवेलकडे बघणं सोडून दिलं होतं.

थोडक्या गुणांनी का होईना, धाकटी जिंकली. रेफरीने तिचा हात उंचवला तेव्हा थोरली कोपऱ्यात टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडत होती, आणि सर लोकांशी हस्तांदोलन करत होते.

शनिवारी दुपारी क्लबात पोरं पोत्यांवर बसली. धाकटी पुढे, डोळ्याखाली हिरवट पिवळा डाग. ती खरोखरच थोरलीशी बोलत नव्हती, पण येताना तिच्यासाठी शेजारी पोतं झटकून ठेवलं होतं. भिंतीवरच्या चौकोनात लढत सुरू झाली. जुनी, करडी, खरखरती. दोरांच्या आधीचा मुका.

"हा मुका कुणी बघत नाही," सर म्हणाले. छडी मुक्याच्या गालापाशी टेकली. "त्याला अभ्यास लागतो. वरवर बघणाऱ्यांचं हे काम नव्हे. डावा बघा कुठे आहे. गालाला! परवाच्या लढतीत आपण हाच वापरला. चला, उभे राहा सगळे. डावा वर."

सगळी पोरं उठली. सगळ्यांचे डावे हात गालाला गेले.

थोरली भिंतीला टेकून बघत राहिली. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय हे तिला त्या दिवशी कळलं. धडधडीत तिच्याच तोंडचे शब्द, आणि कसे घोळून घोळून बोलत होते! आई सकाळीच म्हणाली होती, झालं ना तुझ्या मनासारखं, मग आता सोड. आणि झालं होतंच. एवढ्या पोरांचे गाल झाकले गेले होते, यापुढे इथे कुणी आमिष होणार नव्हतं. शिकवल्याचं श्रेय सरांना लखलाभ. त्याची मिरवणूक काढा म्हणावं. पण एक हिशेब असा होता जो या उंचावलेल्या हातांमध्ये कुठेच नव्हता, आणि तो मूग गिळून सोडून द्यायची तिची तयारी नव्हती.

"सर," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "हे जर असं होतं, तर माझ्या डोळ्याचं काय?"

पोरं जागच्या जागी थांबली, मुठी गालाला लावूनच. धाकटीने मान वळवून बहिणीकडे पाहिलं.

सरांनी ऐकलं होतं. त्यांची छडी अर्ध्यात थांबली, त्यावरून ते कुणालाही कळलं असतं. मग त्यांनी मान हळूच भिंतीकडे फिरवली, आणि तो चुरगळलेला डावा कान तिच्या समोर आला.

थोरली भिंतीपासून निघाली. पोत्यांच्या आणि पोरांच्या मधून वाट काढत, रिंगला वळसा घालून, ती सरांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला.